लुराहच्या अंगात आलेले म्बाह रेक्सो

आमच्या सुंबेरलेगीत जातिलानला गर्दी होते ती नाच बघायला नव्हे, कुणाच्या अंगात येतं ते बघायला. बांबूच्या चटईचे घोडे मांडीत धरून पोरं रिंगणात दुडक्या चालीने फिरत असतात, तोवर बायका शेंगा सोलतात आणि पुरुष लवंगी सिगारेटी ओढत तंबाखूच्या भावाबद्दल रडतात. माझ्या ढोलाचा ठेका बदलला की सगळे शेंगा टाकून उठतात. मग कुणी घोडा होऊन खिंकाळतं, कुणी माकड होऊन फणसावर चढतं, कुणी दातांनी नारळ सोलतं. बापामागे हा ढोल मीच वाजवतो. खरं वारं कुठलं आणि खोटं कुठलं, हे मला पायांवरून कळतं. खरं वारं आलेल्याचे पाय ठेका सोडून देतात. खोट्याचे पाय ठेका कधी चुकवत नाहीत, बिचारे.

त्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावरच गावशुद्धीचा सण आला. आमचे लुराह, पाक कासियादी, पुन्हा एकदा गावाचे प्रमुख व्हायला उभे होते आणि त्यांच्यासमोर सुगिरी होता. सुगिरीचा मिरचीचा धंदा. त्याच्याकडे ट्रक होता आणि बाजारच्या दिवशी तो अख्ख्या गावाला त्यात कोंबून फुकट नेऊन आणत होता. लुराहसाहेबांकडे ट्रक नव्हता, भाषणं होती. भाषणात बसून कुणाला बाजाराला जाता येत नाही.

एके सकाळी मी म्बाह वीरोंच्या ओसरीवर ढोलाच्या वाद्या आवळत बसलो होतो. म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे म्बाह म्हणतात, बाप्याला पाक, बाईला बू किंवा म्बोक. म्बाह वीरो आमचे पावांग. अंगात आलेल्यांना सांभाळायचं, हवं-नको बघायचं आणि वेळ झाली की परत माणसात आणायचं, हे त्यांचं काम. तेवढ्यात लुराहसाहेब आले. सोबत साखरेचं पुडकं आणि कॉफीचं पाकीट. हातात काही घेऊन आलेला लुराह बघून कोंबड्यासुद्धा बावचळल्या.

"म्बाह, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "हे अंगात येणं... हे नक्की येतं कसं?"

"रिकाम्या घरात पाहुणा येतो तसं."

"हां. म्हणजे काय आहे, यंदा मीही नाचावं म्हणतो. आपली परंपरा आहे शेवटी. लुराहनेच नाचायचं नाही तर कुणी? आणि नाचता नाचता, समजा... म्बाह रेक्सोच आले माझ्या अंगात, तर?"

माझ्या हातातली वादी सुटली. म्बाह रेक्सो म्हणजे आमच्या गावाचे राखणदार, झऱ्यावरच्या वडात राहतात. हरवलेली म्हैस कुठे आहे, कुणाच्या पोटात काय चाललंय, सगळं त्यांना ठाऊक. ते असे सहजासहजी कुणाच्या अंगात येत नाहीत. माझ्या आजीच्या लहानपणी एकदा आले होते म्हणतात, आणि तेव्हा ज्याच्या अंगात आले तो आठवडाभर अंथरुणाला खिळून होता.

म्बाह वीरोंनी सिगारेटची राख झाडली. "घरात कुणाला घ्यायचं, ते तुमच्या हातात. बाहेर काढायचं, ते माझ्या हातात. आणि आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार मी कधी कमी पडू देत नाही. एवढं लक्षात ठेवा."

"करा ना! चांगला दणक्यात करा!" लुराहसाहेब खूश होऊन म्हणाले. पुढारी माणूस, वाक्यातलं गोड तेवढं ऐकायची सवय.

सणाच्या दिवशी दुपारी मैदान भरलं. लुराहसाहेब काळा चोळणा, कमरेला बाटिकचा पट्टा, डोक्याला रुमाल अशा थाटात रिंगणात आले. पोटावर पट्टा पुरत नव्हता, म्हणून बू लुराहने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मागे पिना टोचल्या होत्या. सुगिरी ट्रकच्या टपावर बसून बघत होता.

मी ठेका बदलला. पहिला पडला माझा मेव्हणा तुगिनो. तो दर वर्षी पडतो, लाकडाचा ओंडका पडावा तसा, आणि उठतो तो माकड होऊन. मग आणखी दोघं पडले. लुराहसाहेब इकडे तिकडे बघत होते. आपली वेळ झाली असं वाटल्यावर त्यांनी आधी चष्मा काढला, घडी घातली, डबीत ठेवला, डबी माझ्या ढोलाशेजारी ठेवली. मग हिरवळ कुठे आहे ते बघून तिथवर गेले आणि हळूच आडवे झाले.

"आले, आले!" पुढच्या रांगेतली पोरं ओरडली.

लुराहसाहेब थरथरले, घुमले आणि उठून बसले. आवाज घोगरा करून म्हणाले, "मी... म्बाह रेक्सो!"

मैदान चिडीचूप झालं. कितीही हसू आलं तरी त्या नावापुढे माणूस आधी गप्प होतो.

"सुंबेरलेगीच्या सन्माननीय ग्रामस्थ बंधू-भगिनींनो," म्बाह रेक्सो पुढे बोलू लागले, "सदर गावाच्या सर्वांगीण विकासाच्या अनुषंगाने आज मी आपणासमोर उपस्थित झालो आहे..."

"म्बाह रेक्सो कधी कचेरीत लागले गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"वडाखाली गावाच्या सभा होतात ना, ऐकून ऐकून शिकले असतील," म्बोक लेगियेम म्हणाली. म्बोक लेगियेम टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या विकते आणि गावात तिच्या जिभेला सगळे वचकून असतात.

"येत्या निवडणुकीत," म्बाह रेक्सोंनी आवाज चढवला, "ज्या अनुभवी नेतृत्वाने..."

"म्बाह!" म्बाह वीरो लगबगीने पुढे आले आणि दोन्ही हात जोडून त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "लांबून आलात. आधी काहीतरी घ्या. उपाशी पाहुण्याला बोलायला लावलं तर गावाला पाप लागेल."

ताट आलं. गुलाबाच्या पाकळ्या, कच्ची अंडी, कडू कॉफी, अख्खा सोललेला कांदा आणि मधोमध, केळीच्या पानावर, काचेचा दिवा. तुगिनो बाजूला बसून दुसरा दिवा पापडासारखा कुरकुर खात होता.

"घ्या ना म्बाह. मागच्या वेळी आलात तेव्हा आवडीने खाल्ला होतात म्हणे."

लुराहसाहेबांनी दिव्याकडे पाहिलं. "आज माझा उपास आहे."

"आपला उपास? म्बाह, लोक उपास करतात ते आपल्यासाठी. आपण कुणासाठी करता?"

"मग... दात. दात दुखतात."

"शेकडो वर्षांचे दात आहेत, दुखणारच," म्बोक लेगियेम कळवळून म्हणाली. "अंडं द्या त्यांना. कवचासकट द्या, कवच औषधी असतं."

म्बाह रेक्सोंनी कवचासकट अंडं खाल्लं. पाकळ्या खाल्ल्या. कांदा खाताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, ते बघून दोन म्हाताऱ्यांनी भक्तीने पदर डोळ्यांना लावला. मग म्बाह वीरोंनी आसूड काढला. अंगात आलेला आसूड मागून घेतो आणि त्याला तो लागत नाही, हे आमच्याकडे पोराबाळांना माहीत आहे.

"मागितलेला नाही मी," म्बाह रेक्सो घाईने म्हणाले.

"संकोच करू नका," म्हणत म्बाह वीरोंनी पोटरीवर एक सणसणीत ओढला.

"आई गं!"

"राखणदारालाही आई असणारच की," म्बोक लेगियेमनेच तोड काढली, आणि मग जे हसू फुटलं ते मशिदीत बांग होईपर्यंत थांबलं नाही.

बांग झाली तसा मी ढोल थांबवला. लोक नमाजाला गेले. लुराहसाहेबही उठायला लागले, तर म्बाह वीरोंनी खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "आपण कुठे निघालात, म्बाह? आपण बसा."

लोक परतल्यावर म्बाह वीरो सगळ्यांना म्हणाले, "मंडळी, म्बाह रेक्सो पुन्हा कधी येतील सांगता येत नाही. ज्याला काही विचारायचंय त्याने विचारून घ्या."

लुराहसाहेबांचा चेहरा उजळला. बोलायचं म्हटल्यावर त्यांना आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

म्बोक लेगियेम पुढे येऊन बसली. "म्बाह, नदीवरचा साकव वाहून गेला. मी टेम्पेची टोपली डोक्यावर घेऊन कंबरभर पाण्यातून जाते. नवा साकव कधी होणार?"

"लवकरच. त्या दृष्टीने पाठपुरावा सुरू आहे."

"असं तर आमचे लुराहपण सांगतात. आपण तर सगळं जाणता. अडलंय कुठे?"

"वरच्या कचेरीत अडलंय. तुमचा लुराह रात्रंदिवस झटतोय, पण सिमेंटच आलं नाही, तर तो तरी काय करणार?"

"पण म्बाह, सिमेंट आलं," सुगिरी टपावरून ओरडला. "माझ्याच ट्रकने आलं. मीच गावच्या कोठारात उतरवलंय!"

"मग आता कोठार रिकामं कसं?" कुणीतरी विचारलं.

"म्बाह, सिमेंट कुठे आहे?" म्बोक लेगियेमने विचारलं. अगदी साधं विचारलं, घरातल्या थोरल्या माणसाला विचारावं तसं.

म्बाह रेक्सोंच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप गळू लागला.

म्बाह वीरो खाकरले. "मंडळी, म्बाह रेक्सोंना हरवलेली कोंबडीसुद्धा कुठे आहे ते कळतं. यांना जर कळत नसेल, तर हे म्बाह रेक्सो नव्हेत. त्यांचं नाव घेऊन एखादं स्मशानातलं भटकं पिशाच्च आत घुसलंय. भटक्या पिशाच्चाचा पाहुणचार वेगळा असतो." असं म्हणून त्यांनी मिरच्यांची धुरी करायचं मडकं मागवलं. मिरच्यांना तोटा नव्हता. सुगिरीने टपावरून अख्खं पोतं खाली लोटलं.

"थांबा!" म्बाह रेक्सो म्हणाले. "दिसतंय. दिसायला लागलंय."

"कुठे म्बाह?"

"लुराहच्या... लुराहच्या गोठ्यामागे."

असा गलका उठला की वडावरचे पक्षी उडाले. "सुरक्षित ठेवलंय!" म्बाह रेक्सो हात वर करून ओरडत होते. "पावसाने भिजू नये म्हणून त्याने दूरदृष्टीने..."

"सगळं आहे का हो, म्बाह?"

"बरंचसं."

"आणि उरलेलं?"

म्बाह रेक्सोंनी डोळे मिटले. "त्याच्या फाटकावर जे दोन सिंह आहेत ना..."

ते सिंह सगळ्या गावाने पाहिले होते. सोनेरी आयाळ, तोंडात लाल जीभ, बू लुराहने एकावर कपडे वाळत घातलेले. साकवाच्या सिमेंटला अशी जीभ फुटली असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग आज्ञा काय, म्बाह?" म्बाह वीरोंनी विचारलं.

"आज्ञा..." म्बाह रेक्सोंनी मिरच्यांच्या मडक्याकडे पाहिलं. "सिमेंट घेऊन जा. साकव बांधा. लुराहला मी समजावेन."

"आणि सिंह?"

"न्या. सिंहही न्या. साकवाच्या दोन टोकांना बसवा."

पोरं धावत सुटली सुद्धा. मला वाटलं, आता म्बाह वीरो हात आवरतील. त्यांनी पाण्याचं भांडं जवळ ओढलंही होतं. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बू लुराह पुढे आली.

बू स्रियातुन म्हणजे अबोल बाई. लुराहकडे कुणीही गेलं की चहा घेऊन येणार, ठेवणार, आत जाणार. तिचा आवाज कसा आहे हे निम्म्या गावाला माहीत नसेल. ती नवऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली, पदर सावरला, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. गर्दीतलं हसू कुठल्या कुठे गेलं.

"म्बाह," ती म्हणाली, "मला माझ्या मालकांना एक निरोप द्यायचाय. घरी ते ऐकायला नसतात."

लुराहसाहेब सरळ होऊन बसले.

"पहाटे जातात ते. येतात तेव्हा मी झोपलेली असते. झोपलेली नसते, पण डोळे मिटून असते, त्यांना बोलायचे कष्ट नकोत म्हणून. रोज दोघांचं रांधते. ते म्हणतात, मीटिंगमध्ये जेवलो. मग सकाळी त्यांचा वाटा मी कोंबड्यांना घालते. आमच्या कोंबड्या फार माजल्यात, म्बाह."

कुणी हसलं नाही.

"घरी लोक येतात, मालकांशी खोटं बोलतात. मालक लोकांशी खोटं बोलतात. दोन्हीकडून खोटं चालू असतं आणि मी मधे चहा ठेवत असते. माझा काय गुन्हा आहे, एवढं मला त्यांना विचारायचंय. आणि जमलं तर सांगा त्यांना, की यंदा उभे राहू नका. मला आता लुराहची बायको राहायचं नाही. आधी जे शेतात तंबाखू लावायचे आणि संध्याकाळी उंबऱ्यात बसून माझ्याशी वाद घालायचे, त्यांची बायको व्हायचंय."

माझे हात ढोलावर तसेच राहिले होते. लुराहसाहेब तिच्याकडे बघत होते. चष्मा नसल्यामुळे त्यांना ती नीट दिसतही नसावी. त्यांचा ओठ हलला, आणि जो आवाज आला तो घोगरा नव्हता, कचेरीतला तर मुळीच नव्हता. अगदी आमच्या सुंबिंग डोंगराच्या उतारावरचा, मातीचा.

"तुझा काही गुन्हा नाही गं," ते म्हणाले. "सांगतो त्याला. नाही उभा राहणार तो."

ती उठली, ढोलाशेजारची चष्म्याची डबी घेतली आणि रिंगणाबाहेर जाऊन उभी राहिली. म्बाह वीरो पुढे सरकले, लुराहसाहेबांच्या तोंडावर फुलांचं पाणी शिंपडलं आणि कानाशी तोंड नेलं. मंत्र म्हणतात असं लोकांना वाटलं असेल. मी जवळ होतो, मला ऐकू आलं. ते म्हणाले, "उठा पाक. पुरे झालं."

आता आमच्याकडे रीत अशी, की शुद्धीवर आलेल्याला काही आठवत नाही. तुगिनो उठतो आणि फणसाच्या चिकाने भरलेले हात बघून दर वर्षी नव्याने चकित होतो. लुराहसाहेबांनाही चकित व्हावंच लागलं.

"मी कुठे आहे? काय झालं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

सांगायला सगळं गाव पुढे झालं.

"म्बाह रेक्सो आले होते, पाक! म्हणाले, तुमच्या गोठ्यामागे सिमेंट आहे!"

"अरेच्चा," लुराहसाहेब म्हणाले.

"सिंहपण द्या म्हणाले. आणि निवडणूक लढवू नका म्हणाले."

"असं म्हणाले? मग... राखणदाराचा शब्द आहे. काय करणार."

"आणि म्हणाले, तुमची तांबडी म्हैस साकव बांधणाऱ्यांच्या जेवणाला द्या," म्बोक लेगियेमने हळूच जोडलं.

"असं कुठे म्हटलं?" लुराहसाहेब ताडकन उठून बसले. "म्हशीचं कुणी नावसुद्धा काढलं नाही!"

"तुम्हाला काय माहीत, पाक?" म्बोक लेगियेमने डोळे मोठे केले. "तुम्ही तर नव्हताच."

लुराहसाहेब हळूच पुन्हा आडवे झाले. त्या संधीचा फायदा घेऊन शाळेच्या पत्र्यांपासून माझ्या ढोलाच्या नव्या कातड्यापर्यंत म्बाह रेक्सोंच्या आज्ञा वाढतच गेल्या. मध्येच कुणीतरी स्वतःच्या पोरीच्या लग्नाचा मांडवही त्यात घुसवला, तेव्हा म्बाह वीरोंनीच ओरडून सगळ्यांना घरी पाठवलं.

साकव बांधून झाला. म्हैस जेवणात गेली नाही, बू स्रियातुन आडवी आली. ती म्हणाली, म्हशीबद्दल राखणदार बोलले असते तर मला ऐकू आलं असतं, मी सगळ्यांत जवळ होते. तिच्यापुढे कुणी वाद घातला नाही. कासियादींनी खरोखरच अर्ज मागे घेतला. लोक म्हणतात राखणदाराच्या भीतीने. मला तसं वाटत नाही. पुढच्या हंगामात मी त्यांच्या शेताच्या बांधावरून जात होतो, तेव्हा ते तंबाखूची रोपं लावत होते आणि बू स्रियातुन उलट्या टोकाने येत, रोपं फार दाट लावली म्हणून त्यांना झापत होती. ते उलट बोलत होते. मी थांबून ऐकलं थोडा वेळ. चांगलं कडकडून भांडण होतं.

मी एकदा म्बाह वीरोंना विचारलं, "खरं सांगा, त्या दिवशी आलं होतं का काही?"

"पायाकडे तू बघतोस की मी?" ते म्हणाले. "तुला काय दिसलं?"

बू स्रियातुन बोलत होती तेव्हा मी वाजवतच नव्हतो. ठेकाच नव्हता, तर पाय सोडणार काय.

सुगिरी बिनविरोध लुराह झाला. ट्रक फुकट यायचा बंद झाला, कारण लुराहला फार कामं असतात. पण माणूस हुशार. त्या दुपारी टपावर बसून त्याने जे बघितलं होतं ते तो विसरला नव्हता. खुर्चीवर बसल्यावर पहिल्याच सभेत त्याने नियम काढला, की यापुढे जातिलानच्या नाचात अंगात येण्यास हरकत नाही. तथापि, अंगात आलेल्या शक्तींनी गावाच्या कारभाराविषयी बोलू नये आणि ग्रामस्थांनी त्यांना प्रश्न विचारू नयेत. माकडं, घोडे आणि वाघ यांना यातून सूट.

"नियम चांगला आहे," म्बोक लेगियेम म्हणाली. "पण हा म्बाह रेक्सोंना कुणी सांगितलाय का? त्यांना माहीतच नसेल तर ते बोलून बसतील, आणि मग दोष कुणाचा?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुद्दा बरोबर होता. सुगिरीनेही विचार केला आणि गावच्या कारकुनाला झऱ्यावर पाठवलं. आम्ही सगळे मागे गेलो. कारकुनाने टोपी नीट केली, वडाकडे तोंड केलं आणि नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत वाचला. मग थोडा थांबून, न कळल्यास म्हणून, पुन्हा एकदा वाचला. वड सळसळत होता. कारकून कागद हातात धरून आमच्याकडे वळला.

"वाचला," तो म्हणाला. "आता पोच म्हणून सही कुणाची घेऊ?"